अमळनेरचं घर, रत्नागिरीची सुट्टी: घरांच्या अदलाबदलीबद्दल

अमळनेरच्या एका ताईंनी विचारलंय. यजमान शिक्षक, दोन शाळकरी मुलं, घरात सासूबाई. दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरी-गणपतीपुळ्याला आठवडाभर जायचंय, पण पाच माणसांचं हॉटेल झेपत नाही. काही लोक एकमेकांना घरं देऊन फिरतात, असं त्यांनी ऐकलंय. पण आपल्या खान्देशात यायला कोण बसलंय? परक्यांच्या हाती किल्ली देणं सुरक्षित आहे का? आणि सासूबाईंचा एकच सवाल: "आपला घरमा परका मानसे?"

ताई, जमतं. मी जळगावची. नोकरीत होते तेव्हापासून आम्ही दोघं असेच फिरतो आणि ओळखीतल्या बऱ्याच कुटुंबांची गाठही घालून दिली आहे. त्या अनुभवावरून लिहिते. उत्तर लांबणार आहे, कारण तुमच्या तीन प्रश्नांपैकी सगळ्यात वजनदार प्रश्न सासूबाईंचा आहे आणि तो एका ओळीत सुटत नाही.

आधी पैशांचं बघू. सुट्टीच्या गर्दीत बऱ्यापैकी खोलीचे रात्रीला तीन हजार धरा. तुम्हाला दोन खोल्या लागणार. पाच रात्रींचे झाले तीस हजार, आणि त्यात पाच माणसांचा चहा-नाश्ता आणि दोन वेळचं जेवण आलेलं नाही. अदलाबदलीत हे तीस हजार वाचतात, शिवाय स्वयंपाकघर मिळतं. मला विचाराल तर खरी बचत तिथेच आहे. सकाळी घरी पोहे, रात्री घरी खिचडी आणि दुपारी एकदाच बाहेर, एवढं केलं तरी खर्च निम्म्यावर येतो. यजमानांना रजा प्रवास सवलत लागू असेल तर तीही बघा. त्यात प्रवासाचं भाडं मिळतं, राहण्याचा खर्च मिळत नाही. म्हणजे जो खर्च सरकार देत नाही, तोच इथे वाचतो.

ही कल्पना काही आजची नाही. युरोपातल्या शिक्षकांनी लांब सुट्टीत एकमेकांची घरं वापरायला १९५३ साली सुरुवात केली आणि त्यातून इंटरव्हॅक ही संस्था उभी राहिली. त्या काळी घरांच्या याद्या छापून टपालाने जायच्या. १९९२ मध्ये होमएक्सचेंज ही तशीच दुसरी संस्था सुरू झाली, आणि पुढे त्यात गुणांची पद्धत आली: तुम्ही कुणाला घर दिलंत की तुमच्या खात्यात गुण जमा होतात आणि ते वापरून तुम्ही तिसऱ्याच कुणाच्या घरी राहू शकता. पण घर मोकळं करून देणं आपल्याकडे नवीन आहे असं कुणी म्हटलं तर मला हसू येतं. लग्नात वऱ्हाडाच्या जानोश्यासाठी गल्लीतली दोन घरं रिकामी करून द्यायची आणि त्या घरच्यांनी गच्चीवर झोपायचं, हे आपण लहानपणापासून बघत आलोय. तिथे हिशोब कुणी लिहून ठेवत नाही, एवढाच काय तो फरक.

आता "इथे कोण येणार?" हा प्रश्न. लोक इथेच अडकतात. त्यांना वाटतं, रत्नागिरीला समुद्र आहे, आपल्याकडे काय आहे? तराजू लावून बसलात तर तुमचं घर कधीच कुठे जाणार नाही. अदलाबदल गावाच्या नावावर जुळत नाही, गरजेवर जुळते. समोरच्याला तुमच्या गावात काही कारण असलं पाहिजे, मग ते कारण तुम्हाला कितीही किरकोळ वाटो. आणि खान्देशात येण्याची कारणं आपल्याला वाटतात त्याहून खूप जास्त आहेत.

तुमचंच अमळनेर घ्या. मंगळग्रह मंदिरामुळे बाहेरगावचे लोक मंगळवारी येतात आणि उतरायचं कुठे म्हणून शोधत फिरतात. २०२४ च्या फेब्रुवारीत ९७ वं साहित्य संमेलन तुमच्याकडे झालं, ते ज्यांचं हुकलं त्यातल्या कित्येकांना साने गुरुजी ज्या गावात शिकवत होते ते गाव बघायचं असतंच. सुरत-भुसावळ लोहमार्गावर असल्यामुळे तुमच्या स्टेशनावरून सकाळी निघून शेगावचं दर्शन होऊ शकतं. अजिंठा जळगावपासून साधारण ६० किलोमीटरवर आहे. पाहुण्यांना आवर्जून सांगा की सोमवारी अजिंठा बंद असतं आणि मंगळवारी वेरूळ. हे माहीत नसल्यामुळे फर्दापूरहून परत फिरलेली माणसं मी पाहिली आहेत. मुक्ताईनगरला मुक्ताई, तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव, चाळीसगावजवळची पाटणादेवी, नंदुरबारकडे प्रकाशा आणि तोरणमाळ. डिसेंबरात सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते तेव्हा घोडे बघायला कुठून कुठून माणसं येतात.

पण ही झाली फिरायची ठिकाणं. माझ्या अनुभवात खान्देशातलं घर मागणारे बहुतेक लोक फिरायला येतच नाहीत. कुणाच्या लेकीचं बाळंतपण जळगावच्या दवाखान्यात आहे. कुणाच्या भाच्याचं लग्न आहे आणि नातेवाइकांच्या घरात पाय ठेवायला जागा नाही. कुणाला लग्नाचं सोनं जळगावच्या सराफ बाजारात निवांत चार दिवस बघून घ्यायचंय. आणि सगळ्यात मोठा वर्ग आपलाच: पोटापाण्यासाठी सुरत, पुणे, नाशिक, डोंबिवलीला गेलेले खान्देशी. गावातलं घर वाटणीत गेलं किंवा विकलं, पण आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि श्रावणात कानबाईच्या सणाला पाय इकडेच वळतात. भावाकडे चार दिवस उतरायचं म्हणजे भावजयीच्या जिवाला घोर. त्यांना दोन खोल्यांचं स्वतंत्र घर मिळालं तर ते तुमचे उपकार मानतात. सुरतच्या अशा एका कुटुंबाला मी कानबाईच्या वेळी आमचं घर दिलं होतं. त्यांचं सुरतचं घर मला नको होतं. त्यांच्या मुलाचा पुण्यातला फ्लॅट दिवाळीत रिकामा राहतो, तो आम्ही वापरला. अदलाबदल एकाच वेळी आणि समोरासमोर व्हायलाच हवी असं नाही, हे यातून तुमच्या लक्षात येईल. तुमच्या घराला मागणी एका तारखेला येते आणि तुमची सुट्टी दुसऱ्या तारखेला, असं असेल तर आधी घर द्या, मग घ्या. मात्र कोण कधी येणार हे लिहून ठेवा, नाहीतर "पुढच्या वर्षी बघू" यातच ते विरतं.

हंगामाचं मात्र ऐका. मार्च ते जून या काळात आपल्याकडचं घर कुणाला देऊ नका, आणि दिलंच तर स्पष्ट सांगून द्या. पंचेचाळीस अंशांत कुलरच्या टाकीत दोन वेळा पाणी भरायची सवय आपल्याला आहे, कोकणातल्या माणसाला नाही. आपल्या घराचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. हवा कोरडी, रात्री गार, बाजारात भरताची हिरवी वांगी, शेतात काड्यांवर भाजलेलं भरीत. तिकडे कोकणात गणपतीत कुणी घर सोडणार नाही, उलट मुंबईचे चाकरमानी येऊन घरं भरतात, आणि मे महिन्यातही तेच. दिवाळीचंही लक्ष्मीपूजन आणि पाडवा जो तो आपल्या घरीच करतो. म्हणून भाऊबीजेनंतरचा आठवडा धरा. शाळांना सुट्टी असते आणि दोन्हीकडचे सण उरकलेले असतात.

शोधायचं कुठे? परदेशी संकेतस्थळांवर नोंदणी करायला हरकत नाही. गोव्याला किंवा परदेशात जायचं असेल तर त्यांचा उपयोग आहे. पण रत्नागिरीच्या मध्यमवर्गीय घरासाठी त्यांची वर्षाची वर्गणी भरणं मला पटत नाही. तुमचा खजिना यजमानांच्या व्हॉट्सअॅपमध्ये आहे. शिक्षकांचे ग्रुप जिल्ह्याजिल्ह्यांत पसरलेले असतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या शिक्षकाला सुट्टी तुमच्याच सुमाराला असते, घरात तुमच्याइतकीच माणसं असतात, आणि मधे दोघांनाही ओळखणारा एक माणूस निघतोच. तुमच्या अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयातून शिकून बाहेर गेलेले लोकही विसरू नका. मजकूर साधा लिहा: घर कुठे, खोल्या किती, किती माणसं झोपतात, कुठल्या तारखा, आम्हाला कुठे जायचंय. घराचं वर्णन करताना "प्रशस्त", "सुंदर" यापेक्षा संडास कमोडचा आहे की बैठकीचा, जिना किती पायऱ्यांचा, हे लिहा. गुडघे दुखणारी आई घेऊन येणाऱ्याला तेच हवं असतं. घरांची तुलना करताना चौरस फूट मोजू नका, गाद्या आणि बाथरूम मोजा. त्यांचा बंगला आणि आपलं दोन खोल्यांचं, म्हणून लाजू नका. बंगलेवाल्याला गरज असेल तर तो आनंदाने तुमच्या दोन खोल्यांत राहतो.

आता सुरक्षेचं. स्थळ बघताना जेवढी चौकशी करतो तेवढी इथेही करायची, त्यात संकोच नको. फोनवर गोड बोलणं पुरेसं नाही. व्हिडिओ कॉल लावून त्यांना सांगा की फाटकापासून सुरू करा आणि सगळं घर फिरवून दाखवा. तुम्हीही तसंच दाखवा. कॉलवर सासूबाईंना बसवा, ते का ते पुढे सांगते. वीजबिलाचा फोटो मागा, त्यावरचं नाव आणि पत्ता जुळतो का बघा. आधारची प्रत मागायची तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी, म्हणजे मास्क केलेली, मागा आणि तशीच द्या. मधल्या ओळखीच्या माणसाला वेगळा फोन करून विचारा: "यांना तुम्ही तुमचं घर द्याल का?" उत्तर देताना माणूस किती वेळ घेतो त्यावरून बरंच कळतं. आणि जो कुणी "आधी अनामत टाका, बाकीची मागणी फार आहे" म्हणेल, त्याला तिथेच रामराम. खऱ्या अदलाबदलीत तुमचं घर हीच त्याची अनामत असते. तो तुमच्याकडे असताना तुम्ही त्याच्याकडे असता.

पैसे अजिबात मध्ये आणू नका. भाडं घेतलंत की तो व्यवहार वेगळ्या कायद्यात जातो. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. तुमचा मामला पाहुणचाराचा आहे, तो तसाच राहू द्या. एका पानाचं पत्र पुरे: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक माणसं, विनामोबदला पाहुणे म्हणून राहतील. दोघांच्या सह्या. विजेचं वेगळं बिल मागू नका, दोघंही वापरणारच आहात. मीटरचा फोटो मात्र काढून ठेवा, पुढे वाद नको. तुम्ही स्वतः भाड्याच्या घरात राहत असाल तर मालकाची लेखी संमती घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका, पोटभाडेकरू ठेवल्याचं कारण दाखवून घर खाली करायला लावता येतं. सरकारी क्वार्टर असेल तर हा विषयच सोडा. आणि घर वडिलोपार्जित असेल, उताऱ्यावर दिरांची नावं असतील, तर दिरांना आधी सांगा. कायद्यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे. "आमच्या घरात कोण परके आणून बसवले" यावरून पेटलेलं भांडण विझवायला मी एकदा मध्ये पडले आहे, पुन्हा पडणार नाही.

सोसायटी असेल तर सचिवांना आणि वॉचमनला नावं, तारखा, गाडीचा नंबर लेखी द्या. स्वतंत्र घर असेल तर शेजाऱ्यांना सांगणं हीच आपली चौकी. आपल्या गल्लीत नवं माणूस दिसलं की दहा मिनिटांत कुणीतरी ओट्यावरून विचारणारच, "तुम्ही कोनाकडना?" पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा की ही चौकशी आहे, संशय नाही. नाहीतर शहरातली माणसं बिचकतात. कधी परदेशी नागरिक उतरणार असेल, आणि अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला आपला चुलतभाऊही त्यात येतो, तर घरात आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे भरावी लागते. आपल्याकडे हे कुणाला ठाऊकच नसतं.

विम्यावर फार विसंबू नका. २०२१ च्या एप्रिलपासून सगळ्या कंपन्यांना भारत गृह रक्षा ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. आग, पूर, वादळ, भूकंप अशांसाठी ती चांगली आहे आणि घरातलं सामानही त्यात एका मर्यादेपर्यंत आपोआप येतं. पण चोरी तिच्यात अशाच एखाद्या आपत्तीच्या पाठोपाठ, सात दिवसांत झाली तरच धरतात. पाहुणा येऊन गेल्यावर काही नाहीसं झालं तर तिचा उपयोग नाही. तेव्हा सोनं आणि कागदपत्रं लॉकरमध्ये ठेवा. एक कपाट किंवा एक खोली कुलूप लावून बंद ठेवली तरी कुणी वाईट मानत नाही, फक्त व्हिडिओ कॉलवरच सांगा की ही खोली बंद असेल. आल्यावर कळलं तर मात्र माणसाला लागतं. गाडी देऊ नका. स्कूटरसुद्धा नको. गाडीवरून दोस्ती तुटते, घरावरून सहसा तुटत नाही.

आता सासूबाई. त्यांचा नकार चोरीच्या भीतीचा नसतो, असं माझं निरीक्षण आहे. तो देवघराचा आणि चुलीचा असतो. माझ्या देवांना कोण हात लावणार, माझ्या तव्यावर कोण काय भाजणार? याला पटवून देणं हे उत्तर नाही. व्यवस्था हे उत्तर आहे. देवघराला पडदा लावून घ्या किंवा टाक-मूर्ती आठवडाभर शेजारच्या काकूंकडे ठेवा, म्हणजे दिवाबत्तीही चुकणार नाही. रत्नागिरीची माणसं बहुधा मासे खाणारी असणार, तेव्हा सरळ विचारा. लाजून न विचारणं आणि नंतर सहा महिने घरात धुसफूस, हे मी पाहिलंय. तुमच्याकडे मांसाहार चालत नसेल तर तसं सांगा. बाहेर खाऊन येतील. चालत असेल तर तवा, कढई आणि दोन पातेली वेगळी काढून त्यांच्यासाठी ओट्यावर ठेवा आणि आपली वर माळ्यावर टाका. त्यांच्याकडेही हाच प्रश्न उलट बाजूने असतो. तुम्ही शाकाहारी असाल तर ते तुमच्यासाठी वेगळी भांडी काढून ठेवतील, फक्त आधी कळायला हवं.

सासूबाईंना प्रवास झेपत नसेल किंवा घर सोडायचंच नसेल, तर दुसरा मार्ग आहे. घरची माणसं घरातच असताना पाहुणे येतात, अशीही अदलाबदल होते. आधी ते तुमच्याकडे, सगळे एकत्र; मग दुसऱ्या सुट्टीत तुम्ही त्यांच्याकडे. खोली एकच मिळते, पण परकेपण पहिल्या दिवशीच सरतं. मला स्वतःला ही पद्धत खान्देशाला जास्त मानवणारी वाटते. एक धोका तेवढा सांभाळा: पाहुणे आले म्हणून सासूबाई पहाटेपासून कळण्याची भाकरी, शेवभाजी, वरण-बट्टी, खापरावरचे मांडे असं करत सुटतात आणि तिसऱ्या दिवशी अंथरूण धरतात. एक जेवण आपलं, बाकी त्यांचं त्यांनी करायचं, हे आधीच ठरवा.

घर देताना सगळ्यात कामाला येतो तो स्वयंपाकघरात चिकटवलेला कागद. याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण घरं बिघडतात ती वाईट माणसांमुळे नाही, तर माहिती नसल्यामुळे. आमच्याकडे एकदा पुण्याच्या चांगल्या शिकल्या-सवरल्या पाहुण्यांनी पाण्याची मोटर जाळली. त्यांच्याकडे चोवीस तास पाणी, हौद रिकामा असला की मोटर कोरडी चालून जळते हेच त्यांना माहीत नव्हतं. तेव्हापासून आमच्या घरातला कागद असा आहे:

"नळ एक दिवसाआड, पहाटे येतो. आधी अंगणातली तोटी उघडा, गढूळ पाणी जाऊ द्या, मग हौदाचा कॉक फिरवा. हौद भरला की कॉक बंद. मोटर लावण्याआधी हौदाचं झाकण उघडून पाणी आहे ना ते डोळ्यांनी बघा. मागच्या बाजूला पपईजवळचा पाइप गळायला लागला म्हणजे वरची टाकी भरली, मोटर बंद. पिण्याचं पाणी फिल्टरचंच घ्या, हौदाचं नको. इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालतात. मिक्सर, इस्त्री, गिझर नाही. दुसरा सिलिंडर जिन्याखाली. मागच्या दाराची कडी लावताना दार जरा वर उचला. घंटागाडी सकाळी येते, ओला-सुका कचरा वेगळा. रात्री फाटकाला कुलूप, किल्ली आरशामागच्या खिळ्याला. काही अडलं तर डाव्या हाताच्या घरातल्या काकांना हाक मारा, बेल वाजवू नका, ती बंद आहे."

तुमचा कागद तुमच्या घरासारखा होईल. आपल्याकडे कुठे एक दिवसाआड पाणी, कुठे आठवड्याने. पाणी यायचा दिवस पाहुण्यांच्या येण्याच्या आदल्या दिवशी पडला तर टाक्या भरून ठेवा, एवढं करा. कागदाबरोबर मुलाकडून मोटरचा एक व्हिडिओ काढून पाठवा. आणि रत्नागिरीकरांकडूनही असा कागद मागा. त्यांच्याकडे विहिरीचा पंप असेल, लाद्यांवर शेवाळं असेल, संध्याकाळी अमुक वेळेला खिडक्या लावल्या नाहीत तर घर डासांनी भरत असेल. समुद्राबद्दल विशेष विचारा: कुठल्या किनाऱ्यावर मुलांना उतरवायचं नाही. गणपतीपुळ्याचा समुद्र बघायला देखणा आहे, पोहायला तो धोक्याचा आहे.

घर सोडताना काय ठेवायचं यावर बायकांचा फार काथ्याकूट चालतो. दोन दिवसांचं पीठ, तेल, मीठ, साखर, चहा आणि फ्रिजमध्ये दूध. एवढं दोन्हीकडून ठरवून घ्या. फ्रिजचे दोन कप्पे आणि कपाटाचा एक खण रिकामा. धुतलेल्या चादरी. निघताना केर काढून, भांडी घासून, चादरी एका बाजूला गोळा करून ठेवायच्या. धुवायला कामवाल्या मावशी असतील तर त्यांचे पैसे आपण द्यायचे आणि त्यांना आधी सांगायचं. काही फुटलं तर लपवू नये, त्याच दिवशी फोटो पाठवावा. कप फुटला तर विषय तिथेच संपतो, मिक्सर जळला तर ज्याने जाळला त्याने दुरुस्त करून द्यायचा. हे पत्रातच एका ओळीत लिहून टाका.

प्रवासाचं सांगते. मंगला एक्सप्रेस जळगावला थांबते आणि थेट रत्नागिरीला जाते, मुंबईत गाडी बदलायची कटकट नाही. अमळनेरहून जळगावला लवकर येऊन बसा. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस आधी मिळायचं, आणि कोकणच्या गाड्या सुट्टीत लगेच भरतात. म्हणजे अदलाबदलीच्या तारखा त्याच्याआधी पक्क्या हव्यात. दोन्ही कुटुंबांची तिकिटं हातात आल्यावरच बोलणी पक्की झाली असं समजा. तोवर सासरी-माहेरी सांगत सुटू नका. तिकडे स्थानिक फिरायला एसटी आहेच, बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत. आणि ऐनवेळी कुणाच्या घरी आजारपण निघालं तर? ज्याला यायला जमत नाही त्याने आपलं घर तरी दुसऱ्याला वापरू द्यावं, असं आम्ही पहिल्यापासून ठरवतो. बहुतेक लोक हे मानतात, कारण तिकीट काढून बसलेल्या माणसाचं तोंड त्यांना दिसत असतं.

तुमच्या बाबतीत मी काय करीन ते सांगते. रत्नागिरीचं बोलणं लावाच, पण त्याआधी एक शनिवार-रविवार धुळ्याच्या किंवा नाशिकच्या एखाद्या ओळखीच्या कुटुंबाशी घर बदलून बघा, सासूबाईंसकट. त्यांना दुसऱ्याच्या घरात दोन रात्री झोपू द्या, दुसऱ्याच्या ओट्यावर चहा करू द्या. परत आल्यावर देवघर जागेवर आहे आणि डबे जसेच्या तसे आहेत हे त्या स्वतः बघतील. आणि पाहुण्यांना विचारा, कागदावरचं काय कळलं नाही. मोटरबद्दल एक तरी शंका निघेलच. त्याप्रमाणे कागद दिवाळीच्या आत दुरुस्त करून घ्या.